कडेला उभी असलेली माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'फोटोच्या कडांची सजावट' या विषयावर बोलायला या, असं बोलावणं आलं तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. सौ. म्हणाली, "पासपोर्ट फोटो काढणारा माणूस वीस मिनिटं कडांवर काय बोलणार?" मी म्हटलं, "तुझ्या पैठणीवर कोणी बोलायला लागलं, तर निम्मा वेळ काठातच जाईल की नाही?" त्यावर ती म्हणाली, "जाईल. पण काठ साडीला शोभा आणतो, साडी खात नाही." तिनं हे वाक्य सहज टाकलं. मी मात्र ते खिशात घालून इथं आलो आहे, कारण मला जे सांगायचं आहे ते जवळजवळ एवढंच आहे.

माझं दुकान घाटकोपर पूर्वेला. १९७९ साली, सतरा वर्षांचा असताना, मी एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये मदतनीस म्हणून लागलो. १९८८ मध्ये स्वतःचा गाळा घेतला आणि २००१ मध्ये दुकानात संगणक आणला. म्हणजे निम्मी कारकीर्द लाल दिव्याखाली गेली आणि निम्मी पडद्यासमोर. या दोन्ही काळांत गिऱ्हाइकाची एक मागणी कधी बदलली नाही. "फोटो चांगला आहे हो, पण बाजूनं काहीतरी डिझाइन करून द्या."

या मागणीला हसायचं कारण नाही. आपल्याकडे जेवणाच्या पाटाभोवती रांगोळी घालतात, गणपतीला मखर करतात, लग्नपत्रिकेला वेलबुट्टी काढतात. जी गोष्ट जपायची, तिला आपण महिरप घालतो. फोटोलाही तेच. राजा रविवर्मांचा छापखाना १८९९ साली मळवलीला गेला, त्याआधी तो आमच्या याच घाटकोपरात होता. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींवर घरोघरच्या बायकांनी जर लावली, टिकल्या चिकटवल्या, मखमलीचे तुकडे डकवले. छापलेलं चित्र आपल्या हातानं सजवल्याशिवाय ते आपलं वाटत नाही, ही भावना जुनी आहे.

पण फोटोच्या कडेची गंमत वेगळी आहे. आज संगणकात किंवा मोबाइलमध्ये आपण ज्या नक्षीदार कडा एका टिचकीनं लावतो, त्यांतल्या बहुतेक मुळात नक्षी नव्हत्याच. प्रत्येकीला काहीतरी काम होतं.

साधी पांढरी कड घ्या. डार्करूममध्ये एनलार्जरखाली कागद सपाट राहावा म्हणून त्याला एका चौकटीत धरायचो. त्या चौकटीच्या पट्ट्यांखाली जेवढा कागद झाकला जाई, तेवढ्यावर उजेड पडत नसे आणि तो पांढरा राही. तीच पुढे फोटोची पांढरी किनार झाली. तिचा आणखी एक फायदा होता. फोटो हातात धरताना बोटांचे ठसे किनारीवर उमटत, चेहऱ्यावर नाही. कागदाचा कोपरा दुमडला, तरी आधी किनार दुमडे. घराला ओसरी असावी तशी ती होती. पाऊस आधी तिनं झेलायचा.

मग ती करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी कातरलेली कड. तुमच्या घरी १९५०-६० च्या सुमाराचे छोटे कृष्णधवल फोटो असतील, तर त्यांत हमखास सापडेल. ती खास कटरनं कापत. जुन्या हातकागदाची खडबडीत कड श्रीमंतीची खूण मानली जाई, तिची ही नक्कल. म्हणजे इथं नक्कल संगणकाच्या आधीच सुरू झाली होती.

चेहऱ्याभोवती अंडाकृती, विरत जाणारी कड आम्ही हातानं करायचो. पुठ्ठ्याला लांबट गोल भोक पाडायचं, तो पुठ्ठा एनलार्जरचं भिंग आणि कागद यांच्यामध्ये धरायचा आणि उजेड चालू असेपर्यंत हळूहळू हलवत राहायचं. पुठ्ठा स्थिर राहिला तर कड चाकूनं कापल्यासारखी येई. सारखा हलता राहिला तरच ती धुक्यासारखी विरे. माझे उस्ताद म्हणायचे, "बाळाला झोका देतोस तसा हलव." पाठीमागे दिसणारी दोरीवरची धुणी, भिंतीचा उडालेला रंग, हे सगळं त्या धुक्यात जाई आणि फक्त चेहरा उरे.

परदेशातल्या काही छायाचित्रकारांनी याच्या बरोबर उलट केलं. निगेटिव्ह धरायची पट्टी कानशीनं घासून ते तिचं भोक जरा मोठं करत. त्यामुळे निगेटिव्हच्या चौकटीबाहेरची कोरी फिल्मही छापली जाई आणि फोटोभोवती काळी रेघ उमटे. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार फोटो कापायच्या फार विरुद्ध होते. त्यांच्या फोटोंभोवतीची काळी रेघ प्रसिद्ध आहे. ती रेघ म्हणजे एक प्रकारची साक्ष होती की, मी कॅमेऱ्यातून जेवढं पाहिलं तेवढं सगळं इथं आहे, बाजूचं काही कापलेलं नाही.

आणि पोलरॉइड? खाली जाड पांढरी पट्टी असलेला तो चौरस फोटो. ती पट्टी दिसायला छान म्हणून ठेवलेली नव्हती. फोटो जागच्या जागी धुण्यासाठी लागणाऱ्या रसायनाची पुडी तिच्यात होती. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर येताना रुळांमध्ये ती पुडी फुटे आणि रसायन सगळीकडे पसरे.

अशी प्रत्येक कड कामातून जन्माला आली. फोटोशॉप हा प्रोग्राम १९९० साली बाजारात आला. थॉमस आणि जॉन नॉल या दोघा भावांनी तो लिहिला आणि अडोबी कंपनीनं विकायला काढला. १९९४ च्या आवृत्तीत लेअरची सोय आली, म्हणजे एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखं काम करता येऊ लागलं. त्यानंतर या सगळ्या कडा सजावट म्हणून मिळायला लागल्या. फाटक्या कागदाची कड, जळक्या कागदाची कड, फिल्मच्या भोकांची कड, ब्रशच्या फटकाऱ्यांची कड. कार्तिए-ब्रेसाँची काळी रेघ तर फोटो चहूबाजूंनी कापून झाल्यावरही लावता येऊ लागली. साक्षच खोटी झाली म्हणा ना.

पण मी तरी कुठं तेव्हा असा विचार करत होतो? २००१ नंतरची ती तीन-चार वर्षं म्हणजे आमच्या धंद्यातली दिवाळी होती. लॅमिंग्टन रोडवरून तयार डिझाइनच्या सीड्या आणायच्या. एकेका सीडीत शेकडो बॉर्डर. गुलाबाच्या, बदामाच्या, मोरपिसांच्या, ढगांच्या. पुढे लग्नाचे करिझ्मा अल्बम आले. एकेका पानावर नवरानवरीचे सहा-सहा चेहरे, सगळे एकमेकांत विरघळलेले. डार्करूममध्ये जो पुठ्ठा हलवायला मला वर्षभर शिकावं लागलं, ते काम संगणकात दोन मिनिटांत होत होतं. अंडाकृती निवड करायची, 'फेदर' नावाच्या रकान्यात आकडा टाकायचा आणि बाहेरचा भाग पुसून टाकायचा. फेदर म्हणजे पीस. पिसाची कड जशी हवेत विरत जाते, तशी फोटोची कड विरत जाते. आतल्या बाजूला फोटो शंभर टक्के, मग नव्वद, पन्नास, दहा, आणि शेवटी शून्य. त्या शून्यापलीकडे काय होतं, हे फोटो बघणाऱ्याला कधी कळत नाही.

मग २६ जुलै २००५ उजाडला. उपनगरातल्या माणसाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही पडला नव्हता. जे काही कोसळलं ते आमच्या उपनगरांवर. कुर्ला, कलिना, घाटकोपर, अंधेरी, दहिसर, सगळीकडे तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलं. माझ्या गाळ्याला दोन पायऱ्या आहेत म्हणून पाणी उंबऱ्याशी थांबलं.

त्यानंतर आठवडाभरात लोक यायला लागले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चिखलाच्या वासाचे अल्बम. टीव्ही गेला, फ्रिज गेला, गाद्या गेल्या, त्याचं काही नाही, एवढे फोटो वाचवा. तेव्हा मला एक गोष्ट डोळ्यांनी दिसली. पाणी फोटोला नेहमी कडेकडून खातं. अल्बमची पानं एकमेकांना चिकटलेली असतात, पाणी बाजूनं आत शिरत जातं. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. तो फुगतो, समोरच्या पानाला किंवा प्लास्टिकला चिकटतो आणि ओढला की सोलून निघतो. त्यामुळे मधले चेहरे वाचलेले आणि चारी बाजूंनी तपकिरी डाग, बुरशी, सोललेला कागद, असे शेकडो फोटो मी त्या ऑगस्टमध्ये पाहिले. जाता जाता सांगतो, असे चिकटलेले फोटो कोरडे ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात भिजू द्या, सुटे झाले की अलगद वेगळे करा आणि तोंड वर करून सावलीत वाळवा.

तर मंडळी, चेहरे शाबूत आणि कडा खराब, म्हणजे आमच्या सीडीतल्या बॉर्डरना सोन्याचे दिवस आले. डाग काढत बसायला तास तास लागतो. त्यापेक्षा डागावर फुलांची महिरप घातली की काम संपलं. गिऱ्हाईक खूश, आपणही खूश. मी त्या महिन्यात किती फोटोंना महिरपी घातल्या असतील, मोजदाद नाही.

त्यांतच कुर्ल्याचे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे आईवडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो होता, १९५८ सालचा. चाळीतल्या खोलीच्या दारापुढे घेतलेला ग्रुप. मध्ये खुर्च्यांवर नवरानवरी, मुंडावळ्या बांधलेल्या. बाजूला मंडळी. उजव्या कडेनं इंचभर आतपर्यंत पाण्याचा तपकिरी पट्टा आला होता आणि त्यात बुरशीचे ठिपके. मी स्कॅन केला. त्या उजव्या कडेला, दाराच्या चौकटीत, एक बाई अर्धवट दिसत होत्या. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. एक हात चौकटीवर. चेहऱ्यावर डाग आला होता, पण चेहरा होता. मी पाहिलं आणि पुढे गेलो. अर्धी बाई, वर डाग, फोटोचा तोल बिघडवते आहे, असं माझ्यातल्या कारागिराला वाटलं. लांबट गोल निवड केली, फेदर दिलं, बाहेर मलईचा रंग, वर मोगऱ्याची वेल. गृहस्थांना फोटो फार आवडला. मूळ फोटोचं काय करू विचारलं, तर म्हणाले, "वास मारतोय, टाकून द्या." मी टाकून दिला. संगणकातसुद्धा मूळ स्कॅनवरच काम करून, तीच फाइल सपाट करून, त्याच नावानं ठेवून दिली. जागा वाचवायची सवय. तेव्हा हार्डडिस्क महाग होत्या.

२०११ साली ते गृहस्थ पुन्हा आले. दाढी वाढलेली. म्हणाले, "आमची आत्या गेली परवा. तेराव्याला ठेवायला तिचा फोटो नाही. निवडणूक ओळखपत्रावर एक आहे, पण तो काळपट चेहरा कुणाचा म्हणून आम्हालाच ओळखू येत नाही. आई म्हणते, लग्नाच्या फोटोत ती दारात उभी होती. तुमच्याकडे असेल ना कॉम्प्युटरमध्ये?"

मी त्यांना खुर्ची दिली. चहा सांगितला. आणि बोलत बोलत जे कळलं ते असं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परत आली. खानावळीत पोळ्या लाटून तिनं धाकट्या भावाला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. त्याचं लग्न तिनंच ठरवलं. आणि त्या लग्नाच्या फोटोला मात्र ती पुढे आली नाही, कारण शुभकार्यात विधवेनं पुढे यायचं नाही. पुढे आयुष्यभर कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात जाई.

मी सीड्या काढल्या. फाइल सापडली, पण ती महिरपीची. मूळ नाही. रात्री दुकान बंद करून मी बसलो. मला एकच आशा होती. फेदरच्या पट्ट्यात फोटो एकदम संपत नाही, मलईच्या रंगात मिसळत जातो. एखाद्या ठिपक्यात दहा टक्के फोटो आणि नव्वद टक्के मलई असते. मलईचा रंग माहीत असेल तर तो हिशेबानं वजा करता येतो आणि उरलेला दहा टक्के फोटो ताणून गडद करता येतो. जेपेग फाइल असल्यामुळे बारकावे बरेच आधीच गेले होते. तरी पहाटेपर्यंत काहीतरी वर आलं. दाराची चौकट आली. चौकटीवरची चार बोटं आली. मनगट आलं, त्यात बांगडी नव्हती. पदराची एक कड आली. चेहरा आला नाही. चेहरा शून्याच्या पलीकडे होता.

सकाळी मायलेक दोघं आले. मी माझी चूक सांगितली. लपवण्यात अर्थ नव्हता. आजींनी तो हाताचा फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "बाहेर ये, बाहेर ये म्हणत होते सगळे. आली नाही. चौकट धरून उभी राहिली." मी पुन्हा माफी मागितली, तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला काय बोलायचं? तिला कडेला आम्हीच उभं केलं होतं."

त्यांनी तो प्रिंट नेला. तेराव्याला काय ठेवलं, मी विचारलं नाही.

श्रोतेहो, त्या दिवसापासून मी फोटो बघताना आधी कडा बघतो. आणि मला असं दिसलं आहे की, मध्ये जी माणसं बसलेली असतात त्यांचे आणखीही फोटो असतात. नवरानवरी, साहेब, पाहुणे, यांना पुन्हा पुन्हा मध्ये बसवतात. कडेला असतात त्यांचा बहुधा तेवढाच एक. दारातली विधवा, शेजारच्या खोलीतली मुलगी, पाणी वाढणारा गडी, लुगड्याला धरून उभं राहिलेलं कुणाचं तरी पोर. माणसं सोडा, वस्तूही कडेलाच असतात. रुखवतातली पितळी भांडी असतील, तर त्यांच्यावर नाव आणि साल कोरलेलं सापडतं. भिंतीवर कॅलेंडर असेल, तर महिना कळतो. १९७३ पासून निघालेलं 'कालनिर्णय' दिसलं, तर निदान फोटो त्याआधीचा नाही हे तरी ठरतं. चाळीचा नंबर, दुकानाची पाटी, खाली कोपऱ्यात स्टुडिओचा उमटवलेला शिक्का, सगळं कडेला. घराचा इतिहास कडेनं लिहिलेला असतो आणि आपण महिरप घालतो ती नेमकी त्यावर.

मग महिरप घालायचीच नाही का? जरूर घाला. माझं पोट त्यावर चाललं आहे, मी नको कसं म्हणेन? फक्त ती साडीच्या काठासारखी घाला. त्यासाठी चार साध्या गोष्टी सांगतो. घरच्या संगणकावर करा किंवा दुकानदाराकडून करून घ्या.

पहिली गोष्ट. जुना फोटो स्कॅन करताना पूर्ण करा. पांढरी किनार, पुठ्ठा, फाटलेले कोपरे, सगळ्यासकट. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. लहान फोटो असेल तर ६०० डीपीआयवर करा. त्या फाइलच्या नावात 'मूळ' असा शब्द घाला आणि तिला पुन्हा हात लावू नका. एक प्रत घरी, एक दुसऱ्या कुणाकडे. सगळं काम नकलेवर.

दुसरी गोष्ट. सजावट फोटोच्या आत नको, बाहेर. फोटोशॉपमध्ये 'कॅनव्हास साइझ' म्हणून एक सोय असते, फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही असते. तिनं फोटो तेवढाच राहतो आणि भोवतालचा कोरा कागद वाढतो. हिशेब सोपा आहे. चार बाय सहा इंचाचा फोटो ३०० डीपीआयला १२०० बाय १८०० पिक्सेल होतो. चारी बाजूंनी दीडशे-दीडशे पिक्सेल वाढवा. झाला १५०० बाय २१००, म्हणजे बरोबर पाच बाय सात इंच. चारी बाजूंना अर्धा-अर्धा इंच मिळाला. त्यात वेल काढा, मोरपीस काढा, नागमोडी कड काढा. फोटोचा एक ठिपका जात नाही. फक्त बाहेरच्या काठाला तीन-एक मिलिमीटर, म्हणजे साधारण पस्तीस पिक्सेल, मोकळे ठेवा. लॅबमध्ये कापताना आणि फ्रेमच्या खाचेत तेवढं जाऊ शकतं.

तिसरी गोष्ट. कड विरतीच हवी असेल, तर पुसू नका, झाका. लेअरला 'मास्क' लावता येतो. मास्कवर काळा रंग दिला की तिथला फोटो दिसेनासा होतो, पण जात नाही. पांढरा दिला की परत येतो. माझा सगळा अपराध या दोन शब्दांमधला होता. मी झाकायच्या ऐवजी पुसलं. आणि फेदरचा आकडा दुसऱ्याचा बघून टाकू नका. तीस पिक्सेल म्हणजे १२०० रुंदीच्या फोटोत अडीच टक्के, पण ६०० रुंदीच्या फोटोत पाच टक्के. लहान फोटोत तोच आकडा दुप्पट खातो. काम झाल्यावर लेअरसकट एक फाइल ठेवा आणि छापायला द्यायची जेपेग वेगळ्या नावानं करा.

चौथी गोष्ट सगळ्यांत सोपी आणि तीच आपण करत नाही. कापण्याआधी विचारा. घरातल्या सगळ्यांत वृद्ध माणसाला फोटो दाखवा आणि कडेवर बोट ठेवून विचारा, "हे कोण?" माझ्या दुकानात आता तशी पाटी नाही, पण तसा नियम आहे. गिऱ्हाइकाचा कधी कधी वैताग होतो. "अहो, कोणी नाही ते, काढून टाका." मी म्हणतो, एकदा आईला फोन लावा. दहातले आठजण फोन लावून मग म्हणतात, "राहू द्या हो."

हे कापणं फक्त सजावटीसाठीच होतं असंही नाही. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६, म्हणजे दोनास तीन या प्रमाणातली, ती चार बाय सहाच्या कागदावर बरोबर बसे. डिजिटल कॅमेरे आले, त्यांतल्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांचं प्रमाण तीनास चार होतं. असा फोटो सहा इंच रुंद छापला तर उंची साडेचार इंच हवी. कागद चारचा. वरखाली मिळून अर्धा इंच गुपचूप कापला जाई आणि लोक म्हणत, कॅमेरामननं पाय कापले. इन्स्टाग्राम २०१० साली आलं, तेव्हा २०१५ पर्यंत तिथं फोटो चौरसच करावा लागे. दोन्ही बाजूंची माणसं बाहेर.

आणि आता तर उलटा प्रकार सुरू झाला आहे. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेनं फोटो कडेच्या बाहेर वाढवता येतो. जिथं फोटो संपला, तिथून पुढे संगणक स्वतः कल्पनेनं भिंत काढतो, झाड काढतो, सांगितलं तर माणूसही काढतो. मध्यंतरी माझ्या भाच्यानं ते मला करून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, तुमच्या त्या आत्याबाई आता काढता येतील. पदर, चेहरा, सगळं." मी क्षणभर गप्प राहिलो, खोटं कशाला सांगू? मोह झाला. पण येईल ती कोणीतरी दुसरीच बाई असेल. दारात कधी न उभी राहिलेली. आधी आपण खऱ्या माणसाला कडेवरून पुसायचं आणि मग त्या जागी खोटं उभं करायचं, ही त्या बाईची दोनदा चेष्टा झाली. ती चार बोटं खरी आहेत. तेवढीच ठेवावीत. नव्या सोयी वापरायला हरकत नाही, पण वाढवलेल्या भागावर तो वाढवलेला आहे असं नमूद करून ठेवा, म्हणजे नातवंडं फसणार नाहीत.

शेवटी एक विनंती करतो आणि थांबतो. माळ्यावर, कपाटात, गादीखाली कुठंतरी तुमचे जुने फोटो असतील. येत्या पावसाच्या आधी ते खाली काढा. मधल्या माणसांची नावं तुम्हाला पाठ आहेत. कडेच्या माणसांची नावं विचारा. विचारायला अजून कोणी घरात आहे, तोवर विचारा. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, कडेजवळ लिहून ठेवा. बॉलपेननं नको, शाई फुटते आणि रेघ पुढे उमटते.

त्यानंतर माझ्याकडे किंवा तुमच्या जवळच्या दुकानात या. पाहिजे तेवढा मोठा काठ लावून देऊ.